एडी रॉबिन्सन : एका क्रीडागुरूचे चरित्र आणि आपल्या ज्ञातीने घ्यावयाचा बोध

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गौरव समारंभप्रसंगी दिलेले व्याख्यान)



या समारंभात दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र सांगण्याचा आपला प्रघात आहे. संत झाले, समाजसुधारक झाले, शास्त्रज्ञ झाले. यंदा चिटणिसांनी ही कामगिरी आमच्यावर सोपविली, तेव्हा आम्ही एका ड्रिलमास्तराचे चरित्र सांगणार आहोत असे त्यांस म्हटले. ते क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. "मास्तर, खेळ शिकविणाऱ्याचे कसले चरित्र?" असे ते बोलले नाहीत, परंतु त्यांच्या मुद्रेवर ते स्पष्ट उमटले होते. त्यांस आम्ही दोष देत नाही. आमच्या शाळेतही खेळाचा तास म्हणजे गणिताच्या राहिलेल्या पाठासाठी हक्काने घ्यावयाचा तास, अशीच समजूत होती. आणि तो तास घेणाऱ्यांत आम्हीच अग्रेसर होतो.

ज्यांच्याविषयी आज बोलावयाचे ते एडी रॉबिन्सन हे अमेरिकेतील लुइझियाना राज्याचे रहिवासी. त्या राज्यातील ग्रॅम्ब्लिंग नावाच्या एका खेड्यातील कॉलेजात १९४१ साली ते क्रीडाशिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९९७ साली तेथूनच निवृत्त झाले. मधली ५६ वर्षे त्यांनी दुसरी नोकरी म्हणून पाहिली नाही. त्यांनी शिकविलेल्या फुटबॉल संघाने ४०८ सामने जिंकले. एका माणसाच्या हातून एवढे विजय त्यापूर्वी अमेरिकेतील कोणत्याही कॉलेजच्या प्रशिक्षकास मिळाले नव्हते. तथापि केवळ आकड्यांसाठी आम्ही आपला वेळ घेणार नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. अमेरिकेत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडील पायाने खेळावयाचा खेळ नव्हे. त्यांचा चेंडू लंबगोल असतो. अकरा-अकरा गड्यांचे दोन संघ असतात. चेंडू हातात घेऊन धावावयाचे किंवा पुढच्या गड्याकडे फेकावयाचा, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड तरी पुढे सरकावयाचे. प्रतिपक्ष अंगावर पडून अडवितो. चेंडू कोणास द्यावयाचा हे ठरविणारा एक सूत्रधार गडी असतो, त्यास क्वार्टरबॅक म्हणतात. ही जागा लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. बास्केटबॉल मात्र आपल्या शाळांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. हे दोन्ही खेळ रॉबिन्सन यांनी शिकविले.

एडी रॉबिन्सन यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९१९ रोजी लुइझियानातील जॅक्सन या गावी झाला. वडील दुसऱ्याची जमीन बटाईने करीत आणि आई लोकांच्या घरी कामास जाई. गुलामगिरी कायद्याने नाहीशी होऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता. परंतु कृष्णवर्णीयांसाठी निराळी शाळा, निराळा डबा, निराळा नळ असा तो काळ होता. पुढे कुटुंब बॅटन रूज या शहरात आले. त्या शहरात राज्याचे मोठे विद्यापीठ होते. छोट्या एडीला तेथील फुटबॉल पाहण्याची विलक्षण ओढ. काही ना काही काम करून तो मैदानात शिरे आणि सामने पाही. पाहण्यास मज्जाव नव्हता, शिकण्यास होता. त्याच्या रंगाच्या मुलास त्या विद्यापीठाचे दार बंद होते.

तिसऱ्या इयत्तेत असताना त्याने आपल्या शहरातील कृष्णवर्णीयांच्या हायस्कुलाचे प्रशिक्षक आपल्या संघासह पाहिले. नीटनेटका पोशाख, ताठ चाल, आणि मुलांनी त्यांच्याशी केलेले अदबीचे वर्तन! आपण मोठेपणी हेच व्हावयाचे, असे त्या बालकाने तेव्हाच ठरविले. पुढे लीलँड कॉलेजात शिक्षण घेताना रूबेन टर्नर या धर्मोपदेशक प्रशिक्षकांनी त्यास खेळामागील शास्त्र दाखविले. शिक्षण पुरे झाले, लग्नही झाले. परंतु नोकरी नाही. कृष्णवर्णीय पदवीधरास प्रशिक्षकाची जागा कोण देणार? तेव्हा हे गृहस्थ जनावरांचा दाणा दळण्याच्या गिरणीत तासाला २५ सेंट मजुरीवर राबू लागले. अशा स्थितीत ग्रॅम्ब्लिंगच्या कॉलेजात जागा असल्याची बातमी कानी आली. महिना ६३ डॉलर ७५ सेंट या वेतनावर त्यांची नेमणूक झाली. वय अवघे २२.

बंधूंनो, या कॉलेजचा जन्म कसा झाला हे आपल्या मंडळाने अवश्य ऐकावे. ते सरकारने काढलेले नव्हते. उत्तर लुइझियानातील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या एका साहाय्यक संस्थेने आपल्या मुलांसाठी शाळा हवी म्हणून बुकर वॉशिंग्टन यांना साकडे घातले. त्यांनी आपले शिष्य चार्ल्स अॅडम्स यांस पाठविले, आणि १९०१ साली शाळा उभी राहिली. त्याच १९०१ साली कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले आणि त्यापाठोपाठ एकेका ज्ञातीची वसतिगृहे उभी राहिली, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. दोन्ही ठिकाणी विचार एकच : ज्यांस दार बंद आहे त्यांनी आधी आपले छप्पर उभारावे. महात्मा जोतीराव फुले यांनी तर १८७३ सालीच आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांस अर्पण केला होता. म्हणजे हा विषय आपल्यास परका नाही. अर्थात् त्यांचे भोग आणि आपले भोग सारखेच होते असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या ज्ञातीने काही दारे बंद पाहिली हे खरे. परंतु आपल्याहून खालचे मानलेल्यांस आपणही काही दारे बंद केली, हेही तितकेच खरे आहे.

रॉबिन्सन रुजू झाले तेव्हा संस्थेचे नाव 'लुइझियाना नीग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट' असे लांबलचक होते. मदतनीस कोणी नाही. मैदानावरील गवत कापणे, चुन्याच्या रेघा ओढणे, दुखावलेल्या गड्यांचे पाय बांधणे, सामना संपल्यावर त्याची हकीकत लिहून वर्तमानपत्राकडे धाडणे, ही सर्व कामे प्रशिक्षकानेच करावयाची. परगावी सामना असला म्हणजे वाटेतील खाणावळी या मुलांस आत घेत नसत. तेव्हा सँडविच बांधून बरोबर न्यावयाची. पहिल्या वर्षी ३ सामने जिंकले व ५ हरले. दुसऱ्या वर्षी, १९४२ साली, ९ सामने खेळले. नऊच्या नऊ जिंकले, आणि प्रतिपक्षास एकही गुण मिळू दिला नाही!

तोच महायुद्धामुळे मुले सैन्यात गेली आणि १९४३ व १९४४ साली कॉलेजचा फुटबॉल संघच उरला नाही. रॉबिन्सन स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी गावातील हायस्कुलाची मुले हाताशी धरली. मुलींचा बास्केटबॉल संघ शिकविला. आणि कॉलेजच्या मुलांच्या बास्केटबॉल संघाची धुराही खांद्यावर घेतली, ती १९५६ पर्यंत वाहिली. मग ती त्यांनी आपलेच शिष्य फ्रेड हॉब्डी यांच्याकडे दिली. या हॉब्डींच्या संघाने १९६१ साली लहान कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. त्या संघात विलिस रीड नावाचा एक नवा मुलगा होता. तो पुढे न्यू यॉर्कच्या व्यावसायिक संघाचा आधारस्तंभ झाला. स्वतः लावलेले झाड वाढत असतानाच ते दुसऱ्याच्या हवाली करणे किती अवघड असते, हे संस्था चालविणाऱ्यांस सांगावयास नको.

हायस्कुलाच्या त्या संघाची एक गोष्ट सांगितली जाते. संघातील दोघे भाऊ उत्तम खेळणारे. ऐन हंगामात बापाने त्यांस घरी ठेवून घेतले, कारण शेतात कापूस फुटला होता आणि वेचावयास हात नव्हते. रॉबिन्सन बापाशी वाद घालण्यास गेले नाहीत. ते सगळा संघ घेऊन त्या शेतात गेले. मास्तर आणि मुले यांनी मिळून कापूस वेचला, शेत रिकामे केले, आणि दोघा भावांस घेऊन परत आले.

ही गोष्ट प्रथम आमच्या कानी आली तेव्हा आम्हांस रात्री झोप आली नाही. कारण आपला मुलूखही कापसाचाच. आम्ही नव्यानेच शिक्षक झालो होतो, त्या काळची गोष्ट आहे. आमच्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता, आपल्याच ज्ञातीतला. अक्षर मोत्यासारखे, आणि त्रैराशिक तोंडी सोडवी. दिवाळीनंतर तो येईनासा झाला. घरी कापूस वेचावयाचा होता. आम्ही काय केले? हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रोज 'गै' लिहिले. महिना संपला तेव्हा लाल शाईने रेघ ओढली. नियमाप्रमाणे ते बिनचूक होते. त्याचे शेत शाळेपासून दीड मैलावर होते. तेथे जाण्याचे आमच्या मनातसुद्धा आले नाही. पुढे तो आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात सालदार म्हणून राबला. बाजारात भेटला म्हणजे "नमस्कार, मास्तर" म्हणून वाकून नमस्कार करी, आणि त्या नमस्काराचा भार आम्ही अद्यापि वाहत आहो.

आता रॉबिन्सन यांच्या शिकविण्याची रीत पाहू. सकाळी वसतिगृहातून घंटा वाजवीत ते स्वतः फिरत आणि मुलांस वर्गासाठी उठवीत. सरावासाठी नव्हे, वर्गासाठी! टाय कसा बांधावा, मेजावर काट्याचमच्याने कसे जेवावे, नोकरीच्या मुलाखतीस गेल्यावर समोरच्या माणसाकडे पाहून कसे बोलावे, हेही ते शिकवीत. कारण ज्या जगात ही मुले जावयाची ते जग त्यांची एकेक चूक मोजणार आहे, हे त्यांस ठाऊक होते. त्यांचे बहुसंख्य गडी पदवी घेऊनच बाहेर पडले. त्यांनी स्वतःही शिक्षण सोडले नाही. आपल्या राज्यातील विद्यापीठ बंद, म्हणून दूर आयोवा राज्यात जाऊन १९५४ साली पदव्युत्तर पदवी मिळविली.

१९४९ साली त्यांचा शिष्य पॉल यंगर यास लॉस एंजलिसच्या व्यावसायिक संघाने घेतले. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून त्या पायरीवर चढलेला तो पहिलाच. जाताना गुरूने त्यास बजावले की, तू हरलास तर आम्ही त्यांचा उत्तम गडी पाहिला, तोही चालला नाही, असे म्हणून मागच्या सर्वांचा रस्ता बंद करतील. एका पोराच्या शिरावर केवढे ओझे! त्याने ते पेलले, आणि त्याच्यामागून ग्रॅम्ब्लिंगचे दोनशेहून अधिक गडी व्यावसायिक खेळात गेले.

तरीही एक जागा बंदच होती, ती क्वार्टरबॅकची. कृष्णवर्णीय धावेल, अडवील. परंतु विचार करून संघ चालविणे त्याचे काम नव्हे, असे त्या काळी राजरोस मानले जाई. रॉबिन्सन यांनी हा समज खोडण्याचा निश्चय केला. जेम्स हॅरिस या मुलास त्यांनी त्या एकाच हेतूने घडविले, आणि १९६९ साली बफेलोच्या संघाने हंगामाच्या पहिल्याच सामन्यात हॅरिस यास त्या जागी उभे केले. त्यानंतर त्यांचा दुसरा शिष्य डग विल्यम्स. ३१ जानेवारी १९८८ रोजी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात वॉशिंग्टनचा संघ आरंभी १० गुणांनी मागे पडला असता, विल्यम्सने दुसऱ्या सत्रात चार वेळा चेंडू अचूक फेकून बाजू फिरविली. सामना ४२–१० असा जिंकला आणि सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. १९४१ साली महिना ६३ डॉलरांवर आलेल्या मास्तरांच्या श्रमाचे हे फळ ४७ वर्षांनी हाती आले. शिक्षकाच्या पेरणीला इतका अवधी लागतो.

दरम्यान ५ ऑक्टोबर १९८५ रोजी डॅलस येथे रॉबिन्सन यांचा ३२४ वा विजय झाला. त्याने आलाबामाचे सुप्रसिद्ध प्रशिक्षक ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा उच्चांक मागे पडला. त्या ब्रायंट यांच्या मुख्य संघातून १९७१ पर्यंत एकही कृष्णवर्णीय गडी खेळला नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे या एका विजयाचे वजन कळते.

त्यांच्यावर टीका झाली नाही असे नाही. १९६० नंतरच्या दशकात तरुण मंडळी रस्त्यावर उतरली, तुरुंगात गेली. त्यांस रॉबिन्सन मवाळ वाटले. हा गृहस्थ अन्यायाविरुद्ध आवाज न उठविता देशाचे गुणगान करतो, असे ते म्हणत. आमच्या मते त्या तरुणांच्या बोलण्यात तथ्य होते. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा घंटा वाजवून मिळालेला नाही. तो लढ्याने मिळाला. परंतु दार उघडल्यावर आत जावयास तयार माणूसही लागतो, आणि तो माणूस एका दिवसात तयार होत नाही. दार फोडणारे आणि माणूस घडविणारे, दोघांचेही काम मोलाचे होय.

आणि आता या चरित्रातील ज्या भागासाठी आम्ही हा विषय निवडला, त्याकडे वळतो. दारे उघडली तेव्हा ग्रॅम्ब्लिंगचे काय झाले? ज्या मुलांस पूर्वी ग्रॅम्ब्लिंगवाचून गती नव्हती, त्यांस आता मोठमोठी विद्यापीठे बोलावू लागली. त्यांची मैदाने मोठी, पैसा मोठा. उत्तम गडी तिकडे जाऊ लागले. ज्या समतेसाठी रॉबिन्सन यांनी मुले घडविली, त्या समतेनेच त्यांचे अंगण रिकामे होऊ लागले. परंतु आमच्या मुलांनी आमच्याकडेच राहावे म्हणून त्यांनी कोणाची वाट अडविली नाही. जी मुले आली त्यांस घेऊन ते शिकवीत राहिले.

बंधूंनो, आपल्या वसतिगृहात ३२ खोल्या आहेत. यंदा त्यांतील ११ रिकाम्या आहेत. आपली मुले पुण्यामुंबईस जातात, परदेशी जातात. याचे काही सभासदांस दुःख होते. आम्हांस होत नाही. आपल्या आजोबांनी वीट वीट जोडून हे घर बांधले ते मुलांनी यातून बाहेर पडावे म्हणून. परंतु त्या ११ खोल्यांस कुलूप असावे, हे आम्हांस पटत नाही. गेल्या दोन सभांत इतर ज्ञातींच्या गरीब मुलांस प्रवेश द्यावा हा ठराव आला आणि दोन्ही वेळा तहकूब झाला. तहकुबीची सूचना पहिल्या वेळी कोणी मांडली? आम्हीच मांडली. घटनेतील कलमाचा आधारही आम्हीच दाखविला. नियमाप्रमाणे ते बिनचूक होते. हजेरीपटावरील लाल रेघेसारखेच बिनचूक होते. यंदा तो ठराव आम्ही स्वतः मांडणार आहोत. आपण तो मान्य करावा, अशी हात जोडून विनंती आहे.

दुसरी सूचना पारितोषिकांविषयी. आज ज्यांचा गौरव झाला त्यांचे अभिनंदन असो. परंतु आपली सर्व रक्कम वरच्या गुणांच्या मुलांस जाते. ज्याची शाळा सुटण्याच्या बेतात आहे, त्याच्या घरी आपल्यातील कोणी जात नाही. पारितोषिक-निधीचा तिसरा हिस्सा अशा मुलांसाठी वेगळा काढावा. आणि पैशापेक्षाही, ऐन कापसाच्या दिवसांत त्याच्या शेतापर्यंत जाणारी चार माणसे नेमावी.

शेवटी रॉबिन्सन यांच्या अखेरच्या वर्षांविषयी सांगतो. सत्तरी उलटल्यावरही ते पदावर राहिले. १९९५ साली ४०० वा विजय झाला. परंतु शेवटचे तीन हंगाम पराजयाचे गेले. १९९६ च्या अखेरीस संस्थेने त्यांस थांबण्यास सुचविले. लोकांत ओरड झाली, राज्यातील वजनदार माणसे मध्ये पडली आणि आणखी एक वर्ष मिळाले. त्या वर्षी संघाने ३ सामने जिंकले, ८ गमावले. पुढे त्यांची जागा त्यांच्याच शिष्याने, डग विल्यम्सने घेतली आणि काही वर्षांतच संघ पुन्हा उभा केला. रॉबिन्सन यांस विस्मृतीच्या व्याधीने ग्रासले. ३ एप्रिल २००७ रोजी त्यांचे देहावसान झाले. ज्या बॅटन रूज शहरात त्यांस विद्यापीठाचे दार बंद होते, त्याच शहरातील राज्याच्या विधानभवनात त्यांचा देह लोकांच्या दर्शनासाठी सन्मानाने ठेवण्यात आला. आपल्या विजयांपेक्षा एकच नोकरी आणि एकच पत्नी हाच आपला खरा उच्चांक, असे ते म्हणत.

एवढ्या मोठ्या माणसासही केव्हा थांबावे हे उमगले नाही, असे आम्हांस नम्रपणे वाटते. ज्यांनी बास्केटबॉलचा संघ भरभराटीत शिष्याच्या हाती दिला, त्यांसच फुटबॉलचा संघ देणे जमले नाही. प्रेम अधिक होते हेच त्याचे कारण. म्हणून त्यांच्या चरित्रापासून जसे काय करावे हे शिकावयाचे, तसे काय टाळावे हेही शिकावयाचे आहे.

विद्यार्थी-साहाय्य समितीवर आम्हांस १४ वर्षे झाली. या समितीवर आमचेही प्रेम आहे. म्हणूनच यंदा आम्ही ती जागा सोडत आहोत. तीवर एखाद्या तिशीतल्या माणसास, शक्य तर एखाद्या भगिनीस, घ्यावे. वसतिगृहात सकाळी साडेपाचला घंटा वाजविण्याचे काम मात्र, अंगात बळ आहे तोवर, आम्हांस द्यावे. त्यास ठराव लागत नाही आणि कलमही लागत नाही.